ताईचे ७.२ म्हणजे किती?



दहावीचा निकाल कसा वाचायचा, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. पेढे कुणाच्या घरी येणार, हे गल्लीतल्या पोरांना आधी कळतं! पण कॉलेजात जाणारी ताई निकालाचा कागद आणते, त्यावर असतं ‘७.२’. बाबा म्हणतात, “म्हणजे ७२ टक्के ना?” ताई मान हलवते, “नाही हो बाबा, तसं नसतं.”

मग कसं असतं?

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला मिळालं. आज त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आजोबांची जुनी पदवी घरात असेल तर काढून बघा. तेव्हा सगळे गुण मिळवायचे, टक्के काढायचे आणि वर्ग लिहायचा. हिशेब सरळ होता. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी दहा गुणांची पट्टी सुचवली. ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ म्हणजे पास ४ आणि ‘एफ’ म्हणजे नापास, भोपळा!

आता खरी गंमत. सगळे विषय सारख्या वजनाचे नसतात. ज्या विषयाला आठवड्यात तास जास्त, त्याचे श्रेयांक जास्त. मुलं त्याला ‘क्रेडिट’ म्हणतात.

बाजारात चला. समजा मंगळवेढ्याची ज्वारी ५० रुपये किलो आणि शेंगदाणे १५० रुपये किलो. आईने ४ किलो ज्वारी आणि १ किलो शेंगदाणे घेतले. किलोमागे सरासरी किती पडले? पटकन १०० म्हणू नका हं! २०० आणि १५० मिळून ३५० रुपये, वजन ५ किलो, म्हणजे ७० रुपये. ज्वारी जास्त घेतली, म्हणून सरासरी ज्वारीकडे झुकली.

ताईचंही तसंच. मराठी ४ श्रेयांकांचा, मिळाले ६. भूगोल ४ श्रेयांकांचा, मिळाले ७. प्रात्यक्षिक २ श्रेयांकांचं, त्यात पूर्ण १०. गुणाकार करा : २४, २८ आणि २०. बेरीज ७२, भागिले १० श्रेयांक, उत्तर ७.२. हेच १० मराठीत आणि ६ प्रात्यक्षिकात पडले असते तर? ४०, २८ आणि १२, म्हणजे ८० भागिले १०, पूर्ण ८! श्रेणी त्याच तीन, पण निकाल वेगळा. म्हणून कॉलेजात गेलात की पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कोणत्या विषयाला किती श्रेयांक.

एक गोष्ट मात्र मला खटकते. समजा ६० ते ६९ गुणांना एकच श्रेणी आहे. मग ६१ वाला आणि ६९ वाला एकाच रांगेत, आणि ७० वाला एका गुणाने पुढच्या! पण रेघ कुठेही मारली तरी तिच्या अलीकडे कुणीतरी उभं राहणारच.

आता बाबांचा प्रश्न. टक्के काढायला दहाने गुणायचं नसतं. ज्या त्या विद्यापीठाचं कोष्टक असतं, तेच खरं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. त्या हिशेबाने ताईचे ७.२ म्हणजे ६५ च्याही जरा आतच! पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. प्राध्यापक व्हायला एम. ए. करून ‘नेट’ द्यायची, तर खुल्या गटाला त्या पदवीत ५५ टक्के लागतात. ६.२ वाला दहाने गुणून ६२ धरून निर्धास्त बसेल आणि कोष्टक वरच्यासारखं असेल तर अर्ज बाद होईल. कलेक्टर व्हायचं असेल तर मात्र केंद्रीय लोकसेवा आयोगाला नुसती पदवी पुरते, वर्ग कुणी विचारत नाही!

आता वही काढा. ताईच्या पुढच्या सत्रात ४ श्रेयांकांच्या विषयात ८, दुसऱ्या ४ च्या विषयात ५ आणि २ च्या विषयात ९ मिळाले. दोन्ही सत्रांचा मिळून निकाल काय? ७.१ आलं तर तुमचं गणित बरोबर.