बर्फाचा हिशेब: आकडा बदलतो, धोका नाही

अंटार्क्टिकाच्या बर्फाची बातमी आली की वाचक गोंधळतो. २०१६ मध्ये दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटर मॉडेलच्या आधारे सांगितलं की प्रदूषण असंच वाढलं तर एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत समुद्र एक मीटरहून जास्त वाढू शकतो. २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासाने म्हटलं की तिथली थ्वेट्स हिमनदी या शतकात तरी तशा पद्धतीने भराभर कोसळेल असं दिसत नाही. लगेच व्हॉट्सअॅपवर निकाल लागतो, "यांनाच काही माहीत नाही, आपण कशाला डोकं फोडायचं?"

बेळगावात बसून असं म्हणणं सोपं आहे. आपण समुद्रापासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर. पण इथली भाजी आणि दूध रोज गोव्यात उतरतं, आणि कुणाची बहीण पणजीत तर कुणाचा भाऊ कारवारात असतो. समुद्र किती वाढणार हा प्रश्न घाटाखालचा असला तरी परका नाही. म्हणून आकडे का बदलतात आणि बदलत्या आकड्यांवर निर्णय कसा घ्यायचा, हे समजून घेतलं पाहिजे.

मॉडेल अडतं कुठे?

ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगातला समुद्र सुमारे ७ मीटर वाढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. हे शंभर वर्षांत होणार नाही, असं कुणी म्हणतही नाही. प्रश्न एवढाच, की त्यातला किती भाग किती वेगाने सुटेल.

मॉडेल म्हणजे बर्फाच्या हालचालीची गणितं. किती बर्फ पडला, किती वितळला, किती सरकला, याचा वर्षावर्षाचा जमाखर्च. जमेची बाजू म्हणजे नवा हिमवर्षाव. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, त्यामुळे अंटार्क्टिकावर बर्फ जास्तही पडू शकतो. खर्चाची बाजू म्हणजे समुद्राकडे जाणारा बर्फ. खरी अडचण इथे आहे.

थ्वेट्सचं क्षेत्रफळ जवळपास अख्ख्या कर्नाटकाएवढं. ती सगळी सुटली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल. तिच्याखालची जमीन समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आत जावं तशी आणखी खोल होत जाते. तिथे बर्फ मागे सरकू लागला की पाण्याला भिडणारी कड अधिक जाड होते आणि बर्फ आणखी वेगाने वाहतो. तो किती वेगाने घसरेल हे खालचा तळ खडकाळ की चिखलाचा यावर ठरतं. शेकडो मीटर बर्फाखाली जाऊन प्रत्येक जागा कोण मोजणार?

२०१९-२० च्या मोसमात शास्त्रज्ञांनी थ्वेट्सच्या बर्फाला भोक पाडून खाली यंत्र सोडलं. सपाट भागात बर्फ मॉडेलांच्या अंदाजापेक्षा हळू वितळताना दिसला, पण भेगांमध्ये वेग बराच जास्त होता. म्हणजे एकाच मोजणीत दिलासाही होता आणि काळजीही.

२०२० मध्ये जगभरातल्या मॉडेलांचे निकाल एकत्र मांडले गेले. प्रदूषण भरपूर राहिलं असं धरूनही अंटार्क्टिकाच्या वाट्याचं उत्तर २१०० पर्यंत समुद्र ८ सेंटिमीटर घटण्यापासून ३० सेंटिमीटर वाढण्यापर्यंत पसरलं होतं. कुणाच्या गणितात हिमवर्षाव जिंकला, कुणाच्या गणितात खालचं गरम पाणी.

टीप वाचायला विसरू नका

मी कॉमर्सचा विद्यार्थी. ताळेबंद वाचताना आकड्याआधी खालच्या टिपा वाचायच्या, हे कॉलेजात शिकवलं होतं. २००७ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात शतकाअखेर समुद्र १८ ते ५९ सेंटिमीटर वाढेल असा तक्ता होता. बर्फाच्या प्रवाहात अचानक होणारे बदल त्यात धरलेले नाहीत, हेही तिथेच लिहिलं होतं. २०२१ च्या अहवालात, प्रदूषण भरपूर राहिलं तर, तोच पल्ला ६३ ते १०१ सेंटिमीटर झाला. शिवाय २ मीटरच्या जवळ जाणारी वाढही नाकारता येत नाही, अशी नवी टीप आली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही. खालच्या बाजूला समुद्र किती कमी वाढेल याला मर्यादा आहे. वरची बाजू मात्र उघडी आहे, कारण बर्फ सावकाशच सुटेल असा नियम नाही. २००२ मध्ये लार्सन-बी हा पाण्यावर तरंगणारा बर्फाचा पट्टा, आकाराने गोव्यापेक्षा थोडासाच लहान, महिन्याभरात फुटून गेला. तो आधीच तरंगत असल्याने समुद्र वाढला नाही, पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या वेगाने वाहू लागल्या.

हिशेबात जुना संकेत आहे. नफा हाती येईपर्यंत धरू नये, तोट्याची शक्यता दिसली की तरतूद करावी. उधारी नक्की किती बुडेल हे माहीत नाही, म्हणून कोणी तरतूद शून्य ठेवत नाही.

जवळचं देणं, लांबचं देणं

सगळेच आकडे धूसर आहेत असंही नाही. २०५० पर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी ठाम आहे. प्रदूषण कमी होवो वा वाढो, जगाच्या सरासरीने समुद्र साधारण १५ ते २९ सेंटिमीटर वाढेल (१९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत). पल्ला रुंदावतो तो त्यानंतर. आणि त्यात बर्फाच्या अज्ञानाबरोबरच माणूस पुढे किती कोळसा-तेल जाळणार याचाही हिस्सा आहे.

गोव्यातल्या खाजन शेतीचं उदाहरण घ्या. खारं पाणी बांधाने अडवायचं आणि ओहोटीला मानशीचं दार उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. समुद्र वीत-दीड वीत वर आला तर पाणी बांधावरून येईलच असं नाही, पण दार उघडं राहण्याचा वेळ कमी होईल आणि शेतातलं पाणी तुंबेल.

अशा बांधाची डागडुजी होत राहते. त्याला २०५० चा आकडा पुरे, पुढे गरज पडली तर उंची वाढवता येते. पण पूल, बंदराचा धक्का, किनाऱ्यावरची वसाहत ऐंशी-शंभर वर्षांसाठी बांधतात. नंतर उचलता येत नाही. तिथे मधला आकडा धरून भागणार नाही, वरच्या आकड्याला काय होईल हे आधीच विचारावं लागेल.

वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं तिथूनच चालतात. १९८१ मध्ये पहिली भारतीय मोहीमही गोव्यातूनच निघाली. म्हणजे विचारायला फार लांब जायला नको. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या जाहीर सुनावणीत एक साधा प्रश्न यायला हवा: समुद्राचा कोणता आकडा धरलात, कोणत्या सालापर्यंतचा, आणि तो चुकला तर भरपाई कोणाच्या खिशातून? "शास्त्रज्ञांचंच एकमत नाही" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. एकमत नाही ते किती आणि कधी यावर. समुद्र वाढतोय याबद्दल वाद नाही.