डब्यातले पुस्तक आणि घरातली चूल

नागपूरहून सेलू रोडला पॅसेंजरने यायचे म्हणजे बुटीबोरी मागे पडेपर्यंत शेजारचा अनोळखी माणूसही आपला होऊन जातो. कापसाचा भाव, पोरीची सोयरीक, कुणाचा गुडघा, सगळे निघते. अशाच एका प्रवासात एका पोरसवदा माणसाने पिशवीतून शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका काढून माझ्यापुढे धरली. ''काका, वाचाल का?'' मी हात पुढे केला तोच समोरचे गृहस्थ उसळले, ''इथं बाटवाबाटवी चालायची नाही!'' डबा गप्प झाला. पोराने उरलेल्या पुस्तिका पिशवीत कोंबल्या आणि तो सिंदीला उतरून गेला. त्याला तिथेच उतरायचे होते की नाही, कोण जाणे. मी काही बोललो नाही. पुस्तिका मात्र माझ्या हातात राहिली.

घरी आल्यावर रेव्हरंड टिळक आठवले. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. धर्माचा विषय मागाहून निघाला. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. स्वतःचे नावही सांगितले नाही. टिळक वाचू लागले, डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक त्यांना खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीला 'अभंगांजली' मिळाली त्यामागे रेल्वेतली एवढीशी भेट आहे.

त्या साहेबाने केले ते प्रचारच होते, यात शंका नाही. पण ऐकणारा तोडीस तोड होता. उलट प्रश्न विचारत होता आणि मनात आले असते तर प्रत खिडकीबाहेर भिरकावू शकत होता.

घरातली गोष्ट याहून अवघड. टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. चारपाच वर्षे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. पुन्हा संसार मांडला तोही त्यांनी आपले सोवळे सांभाळून. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात वेगळी चूल, वेगळे पाणी. त्या काळच्या नवऱ्याने हुकूम सोडला असता तर कोणी अडवले असते? टिळक मोठे तापट, 'स्मृतिचित्रे'त त्यांचा राग जागोजागी भेटतो. पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना राहुरीत स्वतःच्याच विचाराने पटले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट ठेवलेल्या 'ख्रिस्तायना'चा बहुतेक भाग पुढे त्यांनीच लिहिला. टिळकांचे सगळेच मला पटते असे नाही. बायकोला ज्या आगीत त्यांनी लोटले त्याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. पण नंतर त्यांनी वाट पाहिली, हेही त्यांच्या खाती जमा करायला हवे.

आमचा जिल्हा तर या वादाच्या ऐन मध्यावर. ख्रिस्ती धर्मप्रचाराची चौकशी करणारी नियोगी समिती 1954 साली मध्य प्रदेश सरकारने नेमली, तेव्हा वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. संविधानाच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. सेलूहून वर्ध्याला जाताना पवनार लागते. तिथल्या विनोबांनी 'ख्रिस्तधर्म-सार' काढले आणि स्वतः होते तेच राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पा तेलघाणी आणि हातकागद यांत बुडालेले. ते ख्रिस्ती होते, येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

गांधीजी मिशनऱ्यांना सांगत की गुलाब प्रवचन देत नाही, त्याचा सुगंध पुरे. दाखला सुंदर आहे, पण मला तो अपुरा वाटतो. गुलाबाला जीभ नसते, माणसाला असते. ज्याने आपले जगणे बदलले ती गोष्ट माणूस शेजाऱ्याला सांगणारच. आमच्या घोराडला केजाजी महाराजांच्या दर्शनाला जाऊन आलेला माणूसही दारोदार सांगत फिरतो. मग त्या पोरानेच गप्प का राहावे? माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. दुखण्यावर हमखास गुण, पोराला शाळेत जागा, असा सौदा जिथे होतो तिथे आहे.

हे मी इतके ठामपणे म्हणतो, पण माझ्याच घरी मी चुकलो. माझी धाकटी बहीण लग्नानंतर काही वर्षांनी नागपुरात प्रार्थनेला जाऊ लागली. आम्ही भावांनी आरडाओरडा केला, मग बोलणे टाकले. आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली तेव्हा ती सेलूला आली. बायबल पिशवीत होते. मी तिला दारातच म्हणालो, ''आजारी माणसापुढं हे काढायचं नाही.'' मला वाटत होते, मी आईचे रक्षण करतो आहे. गाडीतला माणूस उठून दुसऱ्या बाकावर जाऊ शकतो. खाटेवरचे माणूस कुठे जाणार? हा मुद्दा मला आजही खोटा वाटत नाही. चूक एवढीच की आईला मी विचारलेच नव्हते.

बहिणीने विचारले. पुस्तक पिशवीतच ठेवून ती आईजवळ बसली. ''आई, मी प्रार्थना म्हणू का? नको असंल तर नाही म्हणत.'' आई जरा वेळ आढ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''तू तुहं म्हन, मी माहं म्हनतो.''

दोघींचे ओठ हलत होते. मी दाराशी उभा होतो. थोड्या वेळाने चहा टाकायला आत गेलो.

आई गेली त्याला बरीच वर्षे झाली. बहीण आता दिवाळीला येते, आम्ही तिच्याकडे नाताळला जातो. जेवताना अजून वाद होतात, आणि कधी कधी ते बरेच चढतात. सिंदीला उतरलेल्या पोराची पुस्तिका मी पुढे वाचली. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले आहेत, पुष्कळ. बहीण त्यांतल्या काहींची उत्तरे देते, काहींवर म्हणते, ''थांब, मलाही विचार करू दे.''