आडात नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

गुन्ह्यांच्या आकडेवारीवरून राज्याचं धोरण ठरावं, हे मला मान्य आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आकड्यांवरच माझं पोट भरतं. पण धोरण ठरवणारे एक साधी गोष्ट विसरतात: ही आकडेवारी पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे मोजते. जो नोंदवलाच नाही, तो सरकारदरबारी घडलाच नाही.

आमच्या कुळगाव-बदलापूरला हे सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. एफआयआरसाठी पालकांना पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा सरकारला जाग आली. उच्च न्यायालयानेही दिरंगाईवरून पोलिसांना फटकारलं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक, हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलंय. तरीही हे झालं. ते पालक कंटाळून घरी परतले असते, तर वर्षाच्या तक्त्यात एक गुन्हा कमी दिसला असता आणि त्या ठाण्याची कामगिरी सुधारल्यासारखी वाटली असती!

त्याच वर्षी राज्य सरकारने 'मार्व्हल' ही कंपनी काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेने गुन्ह्यांचा आधीच अंदाज बांधायचा, हे तिचं एक काम. यंत्र शिकणार कशावरून? याच नोंदींवरून. ज्या मोहल्ल्यात गस्त जास्त, तिथे अटका जास्त. अटका जास्त, म्हणून यंत्र पुन्हा गस्त तिथेच पाठवणार.

एनसीआरबीचे 2015 चे आकडे पाहा. देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम 14.2 टक्के. शिक्षा झालेल्या कैद्यांत 15.8 टक्के. पण कच्च्या कैद्यांत 20.9 टक्के. हे अंतर कशामुळे? जामिनाला पैसे नाहीत म्हणून, वकील परवडत नाही म्हणून, की पुराव्याआधीच अटक होते म्हणून? धोरण या प्रश्नांतून निघायला हवं. केवळ अटका पाहणारं यंत्र मात्र या 20.9 वरून एकच धडा घेईल: हे लोक गुन्हेगार.

आपल्यातले काही म्हणतात, मग आकडेच नकोत. चूक! झुंडबळींची माहिती 2017 साली गोळा झाली, पण ती विश्वासार्ह नाही म्हणून बंद केली, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. यात कोणाचं भलं झालं? आपलं तर नाहीच.

आपल्याला जास्त आकडे हवेत. प्रत्येक ठाण्यात तक्रारी किती आल्या, एफआयआर किती तासांनी झाला, अटक झालेल्यांपैकी निर्दोष किती सुटले आणि किती वर्षांनी. हे छापा, मग खुशाल यंत्र चालवा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. मोर्चाची वाट पाहू नका. हे चार प्रश्न आपापल्या पोलीस ठाण्याला या आठवड्यातच विचारा.