हमी देणाराच न्यायाधीश

नवा ट्रक ताब्यात घेताना मालकाच्या हाती कागदांची जी थप्पी पडते, तिच्यात एक लहानशी पुस्तिका असते. तिला हमीपत्र म्हणतात. ती बहुधा इंग्रजीत असते, अक्षर बारीक असते, आणि गाडी धडधाकट चालते तोवर ती कोणी उघडूनही पाहत नाही. गाडी पहिल्यांदा रस्त्यात बसते तेव्हा तिची आठवण होते. आणि त्या वेळी तिचा अर्थ सांगायला समोर बसलेला असतो तो विक्रेत्याच्या वर्कशॉपमधला माणूस. हमीपत्र लिहिले कंपनीने, दोष हमीत बसतो की नाही हे ठरवणार कंपनी, आणि नाही असे ठरले तर दुरुस्तीचे बिल फाडणार तिचाच अधिकृत विक्रेता. तक्रारदाराला या व्यवहारात ऐकून घेण्यापलीकडे काही काम ठेवलेले नाही.

हा प्रश्न आपल्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. ट्रकमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाहतूक कंपनीचा शेठ उभा राहतो. पण या देशातील बहुसंख्य ट्रक चार-पाच गाड्यांच्या आतल्या मालकांचे आहेत, आणि त्यांतला मोठा वर्ग एकाच गाडीचा धनी असून स्वतःच चाकावर बसणारा आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरणारा, लासलगावहून कांदा वाहणारा, भिवंडीच्या गोदामांपुढे दोन-दोन दिवस रांगेत थांबणारा हा माणूस कागदावर मालक असतो. गाडीवर बोजा वित्तसंस्थेचा, भाड्याचा दर दलालाच्या हाती आणि डिझेलचा भाव पंपाच्या पाटीवर लिहिलेला. त्याच्या मालकीचे म्हणून जे उरते ते त्याचे श्रम आणि महिन्याचा हप्ता. आपल्या चळवळीने त्याला मालक म्हणून दूर ठेवले आणि कायद्याने व्यापारी म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले. दोघांच्या मधल्या या फटीत तो वर्षानुवर्षे एकटा लढत आला आहे.

आधी हमी या शब्दाकडे पाहू. व्यवहारात हमी म्हणजे पक्के वचन. १९३० च्या मालविक्री कायद्यात मात्र तिची जागा दुय्यम आहे. त्या कायद्याने ‘अट’ आणि ‘हमी’ यांत भेद केला आहे. अट मोडली तर ग्राहकाला माल नाकारता येतो; हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. शिवाय कायद्याने गृहीत धरलेली संरक्षणे उभयपक्षी कराराने बाजूला सारण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. उभयपक्षी करार हा शब्द किती गोंडस! तीस-चाळीस लाखांच्या कर्जाच्या कागदांवर एका दुपारी पन्नास सह्या करणाऱ्या माणसाने त्या पुस्तिकेतील कोणते कलम वाटाघाटी करून मान्य केले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

भारी ट्रकांच्या जाहिरातींतून अलीकडे सहा वर्षे किंवा सहा लाख किलोमीटर अशी हमी झळकते. आकडा खोटा नसतो. परंतु ही लांबलचक मुदत बहुधा इंजिन, गिअरबॉक्स, मागचा धुरा अशा मुख्य भागांपुरती असते. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, रबरी नळ्या, गाळण्या हे झिजणारे भाग वगळलेले असतात, आणि वायरिंग, बॅटरी, टायर यांचे नियम निराळे. त्यापुढे अपवादांची रांग लागते: ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग न केल्यास, बाहेरच्या मिस्त्रीने हात लावल्यास, अस्सल नसलेला सुटा भाग बसवल्यास, जादा माल भरल्यास, खराब इंधन घातल्यास हमी संपली. आणि सगळ्यांत शेवटी ते कलम, ज्याची झळ सर्वांत मोठी: गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडे, टोचन करून आणण्याचा खर्च, चालक-क्लीनरचा पगार यांना कंपनी जबाबदार नाही.

यातल्या जादा मालाच्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. माल किती भरायचा हे गाडीवाला ठरवतो काय? टनामागे भाडे ठरते, आणि कायद्यात बसेल तेवढ्याच वजनावर डिझेल, टोल आणि हप्ता निघत नाही, म्हणून तो भरतो. नाही म्हटले तर मागे उभी असलेली दुसरी गाडी भरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. तो भरायचा गाडीवाल्याने, आणि धुरा फुटला की ‘ओव्हरलोड’ असा शेरा ऐकायचाही त्यानेच. ज्याने माल भरायला लावला तो या हिशेबात कुठेच नसतो. पण याची दुसरी बाजूही आहे: धुऱ्याच्या धातूतच दोष असला तरी तोच शेरा मारला जातो, आणि वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या नसल्या तर गाडीवाल्यापाशी उत्तर नसते.

नकार नेहमी तोंडी येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘वरून मंजुरी आली नाही’, ‘पार्ट मागवला आहे’, ‘चालवून बघा, पुन्हा त्रास झाला तर या’. या तीन वाक्यांत महिने जातात. जॉबकार्डावर मूळ तक्रार लिहिली जात नाही. ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहून गाडी धुऊन परत दिली जाते. मुदत संपल्यावर तोच बिघाड उघडपणे पुढे आला की उत्तर तयार असते: हमीच्या काळात अशी तक्रार आमच्याकडे नोंदलेली नाही.

विक्रेत्याला नुसता दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. हमीतले काम विक्रेता आधी आपल्या खर्चाने करतो आणि मग कंपनीकडे त्याचा दावा पाठवतो. सोबत निकामी भाग, छायाचित्रे, गाडीची सर्व्हिसिंगची नोंद. मजुरी कंपनी ठरवील त्या दराने मिळते, आणि दावा फेटाळला गेला तर भुर्दंड विक्रेत्यावर. तेव्हा रोख पैसे देणारे गिऱ्हाईक आणि हमीचे गिऱ्हाईक एकाच वेळी दारात उभे राहिले तर प्रथम कोणाला आत घेतले जाईल, हे धंद्याच्या रचनेतच ठरलेले आहे. वर्कशॉपमधला फिटर तर या साखळीच्या तळाशी असतो. पुष्कळदा तोच गाडीवाल्याला हळूच सांगतो, की बिघाड कारखान्यातलाच आहे. पण कागदावर सही करण्याचा अधिकार त्याला नाही. वाद घालताना त्याच्या अंगावर जाऊ नये. तो आपला साक्षीदार होऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत यंत्राने या विषमतेत भर घातली आहे. पूर्वी बिघाड कानाने ओळखता येत असे. हायवेवरचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून सांगे, की नोझल गेली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे प्रदूषण-मानक लागू झाले. ते आवश्यक होते, त्याबद्दल वाद नाही. धूर आपल्याच फुप्फुसांत जातो. परंतु त्याबरोबर एक्झॉस्टमध्ये काजळीची गाळणी आली, युरियाच्या पाण्याची टाकी आली, सेन्सरांची माळ आली आणि या सर्वांवर हुकमत चालवणारा संगणक आला. एक सेन्सर बिघडला, किंवा बिघडला असे संगणकाला वाटले, की इंजिनाची ताकद आपोआप घटते आणि वीस टन माल भरलेली गाडी घाटात बैलगाडीच्या चालीने चढू लागते. दोष काय आहे ते एका सांकेतिक क्रमांकात दडलेले असते, आणि तो क्रमांक पूर्णपणे उलगडणारे साधन अधिकृत वर्कशॉपकडे असते. रोग्याची नाडी पाहण्याचा मक्ताच ज्याने विष घातल्याचा आरोप आहे त्याच्याकडे द्यावा, तसे हे झाले.

हा मक्ता बेकायदा आहे, असे सरकारी यंत्रणेनेच एकदा म्हटलेले आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत, हा त्यातील मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. तो निर्णय प्रवासी मोटारींबाबत होता, ट्रकांबाबत नव्हे. पण त्यातले तत्त्व ट्रकला लागू का पडू नये? २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही काढले, आणि त्यात वाहनांचा समावेश केला. तिथे कंपन्यांनी आपण होऊन माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. आपण होऊन कोणत्या कंपनीने कधी मक्ता सोडला आहे?

ग्राहक न्यायालयाचा दरवाजा ट्रकवाल्याला उघडा आहे की नाही, याबद्दल खुद्द ट्रकवाल्यांतच गैरसमज आहे, आणि तो गैरसमज विक्रेते जोपासतात. ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळला होता, हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल व्यापारी समजू नये, असे स्पष्टीकरण १९९३ मध्ये जोडले गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात त्याचा अर्थ लावताना उदाहरणच ट्रकचे दिले: जो स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेतो तो ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचे ग्राहकत्व जात नाही. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे. समोरचा ग्राहक नाही असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. नव्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात गुदरता येते. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या गाडीसाठी जिल्हा आयोग पुरेसा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. आणि स्वतः दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू निघाली नाही, तर आपला निष्काळजीपणा नव्हता असे सांगून उत्पादकाची सुटका होत नाही, हे या कायद्याच्या ८४ व्या कलमात आहे.

कायद्याच्या पुस्तकात वेळही ठरवून दिली आहे: तीन महिने, आणि मालाची तपासणी करावी लागल्यास पाच. प्रत्यक्षात किती काळ जातो ते कोणत्याही जिल्हा आयोगाच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस सांगेल. तोवर हप्ता थांबत नाही. तीन हप्ते थकले की वित्तसंस्थेची माणसे गाडी ओढून नेतात, आणि ज्या ट्रकच्या दोषाबद्दल खटला चालू आहे तो ट्रकच तक्रारदाराजवळ उरत नाही. कंपनीला हे ठाऊक असते. तिला खटला जिंकण्याची गरज नसते, नुसते लांबवले तरी पुरते.

म्हणून कागद महत्त्वाचा. आपल्या कार्यकर्त्यांनी ट्रकतळांवर बसून करण्यासारखे काम येथे आहे. जॉबकार्डावर तक्रार गाडीवाल्याच्या शब्दांत लिहिली जाईल, तारीख आणि किलोमीटर पडतील, आणि प्रत त्याच्या हाती येईल, हे पाहावे. नकार मिळाला तर कारणासह लेखी मागावा. देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीला पत्र किंवा ई-मेल पाठवून तोंडी नकाराची नोंद करावी. संगणकाने दाखवलेल्या दोषक्रमांकांची छापील प्रत मागावी. गाडी किती दिवस उभी होती याची वही ठेवावी, आणि बिल्ट्या, डिझेलच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या तिच्यातच लावाव्यात. एकाच दोषाची तीन जॉबकार्डे आयोगापुढे जे बोलतात ते वकिलाला तासभर बोलून साधत नाही.

त्याहून मोठे काम एकत्र येण्याचे. एकाच बनावटीच्या दहा गाड्यांत तोच बिघाड असेल तर दहा माणसे दहा काउंटरवर वेगवेगळी अपमानित होतात, आणि प्रत्येकाला सांगितले जाते की अशी तक्रार आजवर कोणाचीच आली नाही. २०१९ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला किंवा काहींना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. दोष ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असेल, म्हणजे रस्त्यावरच्या जिवाशी गाठ असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमाखाली सरकार कंपनीला त्या सर्व गाड्या परत बोलवायला लावू शकते. पण तिथेही तक्रारींची संख्या मोजली जाते. महाराष्ट्रात १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था उभी आहे. तिने मध्यमवर्गाला एकत्र खरेदी करायला शिकवले. ट्रकवाल्यासाठी असे काही उभे करण्याचे आपण मनावर घेतले नाही.

एक अडचण मात्र कागदाने सुटत नाही. उत्पादनातच दोष आहे, असे सिद्ध करायला आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागतो, आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. शिवाय २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की हमीपत्रात केवळ सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम करता येणार नाही. म्हणजे तज्ज्ञ मिळाला तरी पदरात पडायचा तो एक सुटा भाग. हमीपत्रातले एकतर्फी कलम अन्यायकारक करार म्हणून रद्द करून घ्यायचे तर २०१९ च्या कायद्याने त्यासाठी राज्य आयोगाकडे पाठवले आहे, जिल्हा आयोगाकडे नाही. चंदगडच्या किंवा अक्कलकुव्याच्या गाडीवाल्याने राज्य आयोगाची पायरी चढायची.

तेव्हा आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांत मोटार विभाग आहेत, शिकवणारे निदेशक आहेत. त्यांच्यातून तपासनीसांची यादी जिल्हा आयोगाने जाहीर करावी, शुल्क सरकारने द्यावे आणि निर्णय विरुद्ध गेल्यास ते कंपनीकडून वसूल करावे. दोषक्रमांक वाचण्याचे साधन त्या संस्थांना पुरवणे गाडी विकण्याच्या परवान्याची अट व्हावी. आणि हमीतल्या दुरुस्तीसाठी गाडी ठरावीक दिवसांहून अधिक काळ वर्कशॉपमध्ये उभी राहिली, तर त्या दिवसांचा हप्ता विक्रेत्याने व कंपनीने मिळून भरावा. पहिल्या दोन मागण्या राज्य सरकारपुढे नि केंद्रापुढे नेता येतील. तिसरीला वित्तसंस्थाही विरोध करतील, कंपन्याही करतील. तिची सुरुवात एखाद्या ट्रकतळावर, त्या आठवड्यात कोणाकोणाची गाडी वर्कशॉपमध्ये अडकली आहे याची यादी लिहिण्यापासून करावी लागेल.