शस्त्रक्रिया बायकोचीच कां?

दरवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत सरकारचें आरोग्यखातें पुरुष नसबंदीचा पंधरवडा पाळतें. दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटतो, आशाताई घरोघर फिरतात, पंधरवडा संपतो. आशाताई येतात तेव्हां घरीं कोण असतें? बायका! धनी रानांत, लोहार भात्यापाशीं, सुतार परगांवीं कामावर. ज्याला सांगावयाचें तो ऐकावयास नसतो, आणि जी ऐकते तिलाच शस्त्रक्रियेला नेतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शंभर विवाहित बायकांपैकीं सुमारें ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्याची झालेलीं जोडपीं हजारांत तीन. बाळंतपणें तिनें सोसावींत, आणि पोट कापून घेण्याची पाळीही तिचीच? हा कोठला न्याय?

नसबंदीचें नांव काढतांच आमचे शेतकरी बंधू हंसतात. त्या हंसण्यामागें भीति आहे. बैल बडवितात तसाच हा प्रकार, असें पुष्कळांना वाटतें. बंधूंनो, बैल बडवितांना त्याचें अंड निकामी करतात. नसबंदींत अंडाला हातही लागत नाहीं. बीज वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या बांधतात. पाटाला बांध घातला म्हणून विहीर आटत नाहीं! ताकद, दाढीमिशा, संसारसुख, कशांतही उणें पडत नाहीं. बिनटांक्याच्या पद्धतींत जागा बधिर करून थोड्या वेळांत काम होतें, माणूस त्याच दिवशीं घरीं येतो. जड काम आठवडाभर टाळावें. बायकोच्या शस्त्रक्रियेंत धोका याहून अधिक.

एक गोष्ट मात्र ठळक सांगितली पाहिजे. नळ्या बांधल्या तरी आधींचें बीज पुढें उरलेलें असतें. म्हणून तीन महिने निरोध वापरून मग धातूची तपासणी करून घ्यावी. हें ठाऊक नसलें आणि दिवस राहिले, कीं संशय बिचाऱ्या बायकोवर!

पुरुष बिचकले यांत सारा दोष त्यांचा नाहीं. १९७६-७७ या एका सालांत देशांत साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. कित्येक गरिबांना धरून नेलें, कित्येकांचा पगार अडविला. लोकांचा विश्वास उडाला, तेव्हां सरकारनें पुरुषांना सोडून बायकांना गांठलें. १९३८ सालीं मुंबई विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फें रोहम यांनीं ठराव आणला होता, त्याची मागणी सरळ होती: सरकारनें संततिनियमनाचा जनतेंत जोरानें प्रचार करावा व साधनें पुरवावींत. तो ठराव नामंजूर झाला. धरपकड त्यांत कोठेंही नव्हती.

मग हा प्रचार पुरुषांत कोठें करावा? सकाळीं गांवचे पुरुष दूध घालावयास डेअरीवर जमतात, संध्याकाळीं पारावर, आठवड्याला बैलबाजारांत. उपकेंद्राच्या पुरुष आरोग्यसेवकानें तेथें जावें, आणि नसबंदीनंतर पुन्हां औत धरलेला एखादा गडी राजी असेल तर सोबत न्यावा. लोकांना त्याला वाटेल तें विचारूं द्यावें. नसबंदी कायमची आहे, हें लपवूं नये. ज्यांना पुढें मूल हवें आहे त्यांच्या हातीं निरोधाचें पाकीट द्यावें. उपकेंद्रांत तें फुकट मिळतें, पण तें आणावयासही आज पुष्कळ घरांतून बायकोलाच धाडतात.