जाताना समुद्र उजवीकडे

शनिवारी पहाटे पनवेल-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रो बोटीत चढवावी, तासाभरात मांडवा. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड. जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे नेमका चालवणाऱ्याच्या बाजूला, आणि त्यालाच बघायची बंदी! येताना शेजारच्याची चंगळ.

आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी रिव्हर्समध्ये घेताना खलाशी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो, मागे फक्त राजपुरीची खाडी दिसते. पलीकडे दिघी. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीमार्गेच जा. खरा रस्ता तोच. हरिहरेश्वर दुसऱ्या दिवसावर ढकललं तरी चालेल. आणि दुपारचं जेवण, जिथे जेवणार तिथे, सकाळीच फोन करून सांगा. आम्ही विसरलो, तेव्हा अडीच वाजता सोलकढीवर भागवलं होतं.