नवी दाढ बसवण्याआधीचे चार प्रश्न



"आता या वयात काय करायचंय नव्या दाताचं?" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींच्या तोंडी असतं, आणि ते फक्त स्वतःबद्दल असतं. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन किंवा नातवाच्या दातांच्या तारा निघाल्या की पैसे लगेच उभे राहतात. आपली दाढ गेली की आपण दुसऱ्या बाजूने चावायला लागतो आणि विषय तिथेच संपतो.

माझी खालची एक दाढ काढून तीन वर्षं झाली. सध्या इम्प्लांटचा विचार चालू आहे. त्या निमित्ताने जी माहिती गोळा केली आणि जे मत बनलं, ते आज लिहिते.

पहिली गोष्ट, चावणं ही चैन नाही. आपल्या ताटात कंदमुळं नाहीत. चातुर्मासात पालेभाजीही जाते. उरतं काय? भाकरी, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, काकडी. हे सगळं चावूनच खायचं असतं. त्यात सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, म्हणजे घाईघाईत न चावता गिळलं जातं. शिवाय मोकळी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात त्या जागेत उतरू लागतो आणि दात नसलेल्या ठिकाणचं हाड हळूहळू झिजतं.

काहीजणी म्हणतात, हा देहाचा मोह झाला. देह म्हणजे आत्मा नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एकाशन, उपवास, स्वाध्याय हे सगळं याच देहाकडून करून घ्यायचं असतं. फोटोत हसू छान दिसावं म्हणून दात बसवणं वेगळं आणि अन्न नीट चावता यावं म्हणून बसवणं वेगळं. हा फरक ज्याचा त्याला आतून कळतो.

आता हिशोब. मी कॉमर्सवाली, त्यामुळे कागद-पेन घेतल्याशिवाय राहवत नाही. मला सांगितलेले दर असे: इम्प्लांट कॅपसह 36,000 रुपये, ब्रिज तीन कॅपचा, 7,000 प्रमाणे 21,000. इम्प्लांट पंधरा वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला 2,400 पडतात. ब्रिज दहा वर्षं धरला तर 2,100. फरक महिन्याला पंचवीस रुपयांचा. पण ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात तासावे लागतात. ते नुकसान बिलात दिसत नाही. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच. आरोग्य विम्यात दातांचा खर्च बहुधा बसत नाही, तेव्हा पॉलिसी आधी वाचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांतही चौकशी करायला हरकत नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरून ठेवतं, मग त्यावर कॅप बसते. याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे ब्रॅनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांच्या लक्षात आलं ते 1950च्या दशकात, सशांवरच्या प्रयोगात. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. सशांचं वाचून मन खट्टू झालं. जे झालं ते आपल्या हातात नव्हतं, पण आज माझ्या तोंडात काय घातलं जातं, ते विचारणं माझ्या हातात आहे.

म्हणून डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा.

एक, हाड कमी असेल तर जी पावडर भरतात ती कशाची? ती गाईगुरांच्या हाडांपासून केलेली असू शकते. पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची पावडरही मिळते.

दोन, त्यावर घालायचा पातळ पडदा कशाचा? पुष्कळदा तो जनावरांच्या कोलॅजेनचा असतो. कृत्रिम पडदेही असतात.

तीन, टाके कोणत्या धाग्याचे? दातांच्या कामात रेशमी धागा सर्रास वापरतात. नायलॉनचा मागता येतो.

चार, औषध कॅप्सूलमध्ये आहे का? साध्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. त्याऐवजी गोळी चालेल का, ते विचारा.

हे विचारायला संकोच नको, पण विचारायचं पहिल्या भेटीत. खुर्चीवर तोंड उघडून बसल्यावर उशीर झालेला असतो. साखर किती आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही तेव्हाच सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर ते लपवू नका, कारण त्या औषधांनी जबड्याची जखम भरायला अडचण येऊ शकते. मनाने औषध बंदही करू नका.

तारीख दशलक्षण पर्वाच्या आसपास घेऊ नका. ऑपरेशननंतर काही दिवस गोळ्या आणि मऊ आहार वेळेवर लागतो. रात्री पाणीही घेत नसाल तर गोळ्यांच्या वेळा दिवसात बसतील का, ते आधी ठरवा. पेज आणि मुगाचं कढण आपल्या घरात असतंच. "तीन दिवसांत पक्के दात" अशा जाहिराती पाहून घाई करू नका. ते काहींना चालतं, सगळ्यांना नाही. आणि इम्प्लांट किडत नसला तरी भोवतालची हिरडी सुजते, त्यामुळे रोजची सफाई सुटत नाही.

हे सगळं पाहून कोणी कवळी किंवा ब्रिज निवडला तर तोही योग्यच. माझं म्हणणं इतकंच, की निर्णय गरज, हिशोब आणि अहिंसा पाहून घ्या. "आता या वयात" हे कारण मात्र त्यात नको. कृत्रिम पावडर आणि नायलॉनचे टाके वापरायला माझे डॉक्टर तयार असतील, तर पर्व झाल्यावर मी इम्प्लांट करून घेणार आहे.